शिनगारे सरांचा दुसरा भागाकार

शिनगारे सरांना 'कसे आहात?' असं विचारण्याची चूक मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खरोखर विचार केला आणि म्हणाले, "कशाच्या मानानं, म्याडम? कालच्या मानानं बरा हाय. गेल्या सालच्या मानानं न्हाई." मी हसले. ते हसले नाहीत. पुढे कळलं की हा माणूस थट्टा करत नव्हता, त्याला सगळं तसंच दिसायचं. कुणी म्हटलं ऊन वाढलंय, की हे विचारणार, सकाळपासून का कालपासून? प्राचार्य म्हणाले मुलांची प्रगती चांगली आहे, की हे विचारणार, कशाच्या मानानं? शेवटी प्राचार्य त्यांच्यासमोर प्रगतीचा विषय काढेनासे झाले.

आमचं कॉलेज म्हणजे नेकनूरच्या पुढे माळावरची पत्र्याची एक लांबलचक इमारत. मी तिथं केमिस्ट्री शिकवायचे आणि रोज बीडहून एसटीनं जायचे. कॉलेज होतं सहकारी साखर कारखान्याच्या शिक्षणसंस्थेचं. कारखाना जोरात होता तेव्हा संचालकांच्या मनात आलं, आपल्या सभासदांच्या पोरांनी इंजिनिअर व्हावं. म्हणून अकरावी-बारावी विज्ञान सुरू झालं, तेही विनाअनुदानित. म्हणजे सरकारनं हात झटकलेले, सगळी मदार कारखान्यावर. कारखान्याची मदार उसावर आणि उसाची पाण्यावर. पाणीच नव्हतं. मी लागले ती एकामागून एक कोरड्या जाणाऱ्या वर्षांच्या ऐन मध्यावर. माझ्या प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसायची, बिनधुराची. आणि ज्या भागातल्या कारखान्याला गाळायला ऊस नव्हता, त्याच भागातली माणसं दसरा झाला की ट्रकात बसून परमुलखातल्या कारखान्यांचा ऊस तोडायला जायची. ह्यावर मी एकदा स्टाफरूममध्ये तणतणले. सर भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "चिडून पाणी लागत न्हाई, म्याडम. न्हाईतर आपल्याकडं नदी असती."

सर गणित शिकवायचे. उंच, वाळके आणि पुढे वाकलेले. त्यांच्याकडे एकच राखाडी पँट आहे असं पोरं म्हणायची. ते खोटं होतं. तीन होत्या, पण तिन्ही राखाडी. खडूचे तुकडे ते तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवायचे आणि बोटाच्या पेराएवढा तुकडाही टाकायचे नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक लातूरला दिलेली. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली होती. सर सांगायचे, "कळप चालता असताना मोजायला शिकवलं मला बापानं. बसलेली मेंढरं कुणीबी मोजतंय." कॅल्क्युलसची ह्याहून सोपी व्याख्या मी तरी ऐकलेली नाही.

फळा ओल्या फडक्यानं पुसायची पद्धत त्यांनी आपल्या वर्गातून बंद केली होती. पोरी पहाटेपासून टँकरपुढे हंडे लावून, भांडून, मग कॉलेजला यायच्या. त्यांच्या डोळ्यांदेखत लाकडावर पाणी फिरवायचं सरांच्या जिवावर यायचं. ते कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि मग तासभर खोकायचे. मी एकदा म्हटलं, अहो, वाटीभर पाण्यानं काय होतंय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. आणखी एक सवय. चुकलेलं गणित ते कधी खोडत नसत. जिथं पाय घसरला त्या ओळीखाली रेघ मारायचे आणि लिहायचे, 'इथवर खरं'. ज्या पोराची पहिलीच ओळ चुकलेली असायची, त्याच्या कागदावर प्रश्नाखाली रेघ मारलेली असायची.

कारखान्याच्या वार्षिक सभेला आम्हा शिक्षकांना जावंच लागे, सतरंज्या भरायला. त्या सभेची रीत ठरलेली. विषय वाचून व्हायच्या आत मागून "मंजूर, मंजूर" असा ओरडा व्हायचा आणि पुढचा विषय. एका वर्षी चेअरमनसाहेब म्हणाले की गाळपातली घट यंदा गेल्या सालापेक्षा कमी झालेली आहे, आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या पडल्याही. सर उठून उभे राहिले. वडिलांच्या नावचा शेअर त्यांच्याकडे आलेला, म्हणजे ते रीतसर सभासद. म्हणाले, "साहेब, माझ्या विहिरीचं पाणी गेल्या म्हैन्यात दोन हात उतरलं. ह्या म्हैन्यात एकच हात उतरलं. म्हंजी विहीर भरायला लागली का जी?"

मंडपात हशा पिकला आणि मग एकदम सगळे गप्प झाले, कारण प्रत्येकाला आपापली विहीर आठवली असावी. चेअरमनसाहेब म्हणाले, "सर, तुमचा विषय गणित का राजकारण?" सर म्हणाले, "घट कमी झाली म्हंजी वाढ झाली न्हाई, एवढंच म्हणतोय. टाळ्या कावून वाजल्या ते कळंना, म्हणून इचारलं." आणि शांतपणे खाली बसले. त्या दिवसापासून संस्थेच्या ऑफिसात विज्ञान शाखा बंद करण्याची कुजबुज सुरू झाली. सरांमुळेच, असं नाही म्हणता येणार. आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार? पण निमित्त लागतं, ते मिळालं.

आता त्या भागाकाराविषयी. सरांचा वर्ग आणि माझी प्रयोगशाळा यांच्यात नुसता पत्रा होता, त्यामुळे दरवर्षी तो धडा मला फुकटात ऐकायला मिळायचा. काही वक्र असे असतात की त्यांत वाय हा एक्सच्या तोंडाकडे बघत नाही. दोघंही तिसऱ्याच्या तालावर चालतात. त्याचं नाव टी, म्हणजे वेळ समजा. वाय किती वेगानं बदलतो ते काढायचं, एक्स किती वेगानं बदलतो ते काढायचं, पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं, की वक्राचा चढ हाती येतो. इथवर पोरं सुखानं येतात. पण तो चढ स्वतः कसा बदलतो, म्हणजे वक्र वाकतो किती, हे काढायची पाळी आली की बारावीचा प्रत्येक वर्ग न चुकता एकच चूक करतो. वायचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, दोनदा काढतो, एक्सचंही दोनदा काढतो, वरच्याला खालच्यानं भागतो आणि मोकळा होतो. दिसायला रीतसर, पण साफ चूक. मिळालेल्या चढाचं टीच्या हिशेबानं पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढायचं असतं आणि पुन्हा एक्सच्या वेगानं भागायचं असतं. हा दुसरा भागाकार पोरं विसरतात.

सर ती चूक आधी होऊ द्यायचे. "एक्स बरोबर ए टी वर्ग, वाय बरोबर टू ए टी. काढा." पोरं माना घालून लिहायची. वाय दोनदा केला की शून्यच उरतं, त्यामुळे उत्तर झटकन यायचं. "शून्य, सर!" वर्ग एका सुरात ओरडायचा.

"शून्य म्हंजी वाकत न्हाई. सरळ रेघ. बरोबर?"

"बरोबर!"

मग सर फळ्यावर तोच वक्र काढायचे, आडवा पडलेला, सुपासारखा वाकलेला. "मंग हे काय हाय बे? तुज्या कागदावर सरळ आन् माज्या फळ्यावर वाकडं. दोघातलं कोन खोटं बोलतंय?"

एका वर्षी पोरांना हे काही केल्या पटेना. पालथ्या घड्यावर पाणी. सर तडक वर्गाबाहेर गेले आणि रस्त्यावरून निघालेला पाण्याचा टँकर हात करून थांबवला. ड्रायव्हर गफूरभाई ओळखीतला. त्याला तसाच वर्गात आणून फळ्यापाशी उभा केला.

"गफूरभाई, घाटातून तू जोरात येतो का हळू?"

"भरेला रह्या तो हळू, सर. खाली रह्या तो जोरात."

"मंग घाटातलं वळण बदलतंय का? जोरात आलास तर कमी, हळू आलास तर जास्त?"

गफूरभाईनं सरांकडे काळजीनं पाहिलं. "वळण काय माझ्या बापाचं हाय का सर? ते हाय तितंच हाय."

"ऐकलं का बे?" सर वर्गाकडे वळले. "वळण रस्त्याचं हाय, डायवरचं न्हाई. तुमी जे उत्तर काढलंय त्यात डायवरचा पाय मिसळलाय. तो काढून टाका."

तेवढ्यात बाहेर हंडे घेऊन जमलेल्या बायांचा गलका सुरू झाला. टँकरची तोटी गळत होती. एक म्हातारी दारातून ओरडली, "ओ सर, पोरं काय पळून चालली न्हाईत, पाणी चाललंय!" गफूरभाई पळाला. त्या गोंधळातही मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, पयल्या भागाकारात काढला की डायवरचा पाय. पुन्ना कावून काढायचा?"

सरांनी खडू खाली ठेवला. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, असं मला ते नंतर म्हणाले. "बाळा, चढ कसा बदलतो ते बघायला तू पुन्ना घड्याळ हातात घेतलंस का न्हाई? जितक्यांदा घड्याळ हातात घ्यायचं, तितक्यांदा खाली ठिवायचं. एकदा ठिवलंतं म्हणून दुसऱ्यांदा सुटका न्हाई."

ती मंगल. तिचे वडील, ज्यांना सगळे बापू म्हणत, वस्तीवर मेंढरं राखायचे. दुष्काळात कळप विकत विकत मूठभर राहिला होता. लहानपणी आईबापांबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीला, गेल्यामुळे तिची दोन वर्षं मागे पडलेली, म्हणून बारावीत ती एकोणिसाची होती. वर्गात बोलायची कमी. पण गणित तिच्या हातात असं चालायचं की सर तिच्या वहीत शेवटच्या ओळीखाली रेघ मारायचे आणि 'इथवर खरं' लिहून स्वतःशीच हसायचे. आमच्या कॉलेजातून एकही पोर इंजिनिअरिंगला गेलं नव्हतं. शाखा बंद व्हायच्या आत एकजण जावं, आणि ती मंगल असावी, एवढंच सरांच्या डोक्यात होतं. त्यासाठी तिनं मार्चमध्ये पेपरला बसायला हवं होतं. बाकी सगळं ती बघून घेणार, ह्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

पण आमच्याकडे मार्चच्या आधी दसरा येतो. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळी नेणारा मुकादम नाक मुरडतो. म्हणून ज्या घरात तरणा पोरगा आणि कोरडं रान आहे, त्या घराला दसऱ्याच्या आत सून लागते. लग्नाचा मुहूर्त पंचांगावर कमी आणि ट्रकवर जास्त ठरतो. मंगलचं लग्न असंच ठरलं, उमापूरकडच्या एका घरात.

सर बापूंकडे गेले. पोरीचं लग्न करू नका असं ते म्हणाले नाहीत, तेवढं त्यांना कळत होतं. म्हणाले, लग्न करा, पण पेपर होईपर्यंत तिला फडावर धाडू नका. बापू भला माणूस. त्यांनी देवापुढचा भंडारा उचलून कपाळाला लावला आणि शब्द दिला. सर दुसऱ्या दिवशी कॉलेजात आले ते अंगात वारं भरल्यासारखे. मला म्हणाले, "झालं काम, म्याडम. मिटलं." त्या दिवशी खोकलाही कमी होता.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. सरांनी आहेरात गणिताच्या गाईडचा संच दिला, त्यावर बायका पदराआड हसल्या. आणि हळद उतरायच्या आत मंगल सासरच्या माणसांबरोबर ट्रकात बसून सांगलीकडे गेली.

सर पुन्हा बापूंकडे गेले, ह्या वेळी मला बरोबर घेऊन. मीच जास्त बोलले, कारण मला राग आला की आवरत नाही. म्हटलं, भंडारा उचलून शब्द दिला होता ना तुम्ही? बापू खाली बघून मेंढराच्या अंगावरचा गोखरू काढत बसले होते. म्हणाले, "म्याडम, म्या माझा शब्द दिलता. मी न्हाई धाडलं तिला. पर लगीन लागलं की ती त्यांची झाली. माझा शब्द तितं कसा चालंल? सरांनी त्या घरी जाऊन पुन्ना इचारायला पायजी व्हतं. मला वाटलं इचारलं आसंल."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्याकडची रीतच तशी आहे आणि बापूंना ती इतकी उघड होती की सांगायचं सुचलंही नाही. परतीच्या वाटेवर माळावरनं धूळ उडत होती. सर म्हणाले, "म्याडम, जन्मभर ज्या चुकीला पोरांचे मार्क कापले, तीच चूक केली बगा म्या. एकदा भागलं आन् मोकळा झालो." खरं तर मला त्यांचा रागच आला होता, इतका शहाणा माणूस इतका भोळा कसा म्हणून.

त्यानंतरचे सर वेगळे होते. वर्गात यायचे, शिकवायचे, पण मध्येच खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. दिवाळीनंतर निम्मा वर्ग फडावर गेलेला. उरलेल्या बाकांपुढे ते पूर्वीच्याच आवाजात शिकवत, आणि पत्र्यापलीकडे मला तो आवाज रिकाम्या कोठीत बोलल्यासारखा ऐकू यायचा. मंगलचा परीक्षेचा फॉर्म मात्र त्यांनी भरून टाकला होता. हॉल तिकिटं आली, तिचं त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं, मुकादमाच्या घरून फडाचा पत्ता काढला आणि प्रॅक्टिकल तोंडावर आलेली असताना, कुणाला न सांगता निघून गेले.

आठवडाभरानं बीडला माझ्या दारात मंगल उभी. बरोबर बोचकं, अंगावर लग्नातलीच साडी, कुसपटांनी भरलेली. मी पलीकडे बघितलं, सर कुठं दिसेनात.

"सर कुठंयत?"

"सर तितंच हायत," ती म्हणाली. "माझ्या जागी."

मला कळेना. मग तिनं उंबऱ्यावर बसूनच सांगितलं. सर फडावर पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. सासूनं सरळ सांगितलं, पोरगी गेली तर कोयता अर्धा पडतोय, मुकादम ऐकायचा न्हाई. सर म्हणाले, "अर्धाच कमी पडतोय ना, बाई? मंग तो अर्धा मी." मुकादम पोट धरून हसला. म्हणाला, सर, खडू न्हाई ह्यो, कोयता हाय. सासू हसली नाही. ती म्हणे चुलीकडे गेली आणि एक भाकर जास्त थापली. मंगलचा नवरा बाळू दहावीपर्यंत शिकलेला, तो एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सरांना. त्यांनी तोडावं, मोळ्या बांधाव्या, वाहायचं मी बघतो." दुसऱ्या दिवशी उजाडता सर उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटात उभे राहिले. मंगल एसटीत बसेपर्यंत त्यांनी हातावर दोनदा कोयता मारून घेतला होता.

"तू त्यांना थांबू कसं दिलंस गं?" मी ओरडलेच तिच्यावर.

"म्या पाया पडले म्याडम, चला म्हनून. तर म्हनले, तू पेपर सोडलास तर मी हितंच मरंन. मंग काय करू?"

ती माझ्याकडे राहिली. तिचे तळवे इतके चिरलेले होते की पहिले दोन दिवस पेन धरवेना. खोबरेल लावून, फडकी बांधून ती लिहायची सवय करत होती. पुस्तक उघडलं की मात्र सगळं विसरायची. जेवायला हाक मारली की दचकायची. आणि रोज एकदा तरी विचारायची, "सरांचा खोकला कसा आसंल हो? पाचटाची लई धूळ आसती." मी म्हणायचे, तू अभ्यास कर. दुसरं काय म्हणणार होते?

सर ऊस तोडायला गेल्याची बातमी संस्थेत पोचायला वेळ लागला नाही. ऑफिसात म्हणे हसून हसून पुरेवाट झाली. आपल्या कारखान्याला ऊस नाही आणि आपला गणिताचा मास्तर दुसऱ्यांचा तोडतोय! मग हसणं संपल्यावर त्याचा उपयोग कसा करायचा हे कुणाच्यातरी लक्षात आलं. परीक्षेच्या काळात विनापरवाना गैरहजर. जूनमध्ये विज्ञान शाखा बंद झाली तेव्हा ठरावात जी कारणं लिहिली होती, त्यांत हेही होतं. ठराव वाचून व्हायच्या आत "मंजूर" झाला.

गणिताच्या पेपराला मी केंद्राबाहेर उभी होते. मंगल बाहेर आली ती डोळे पुसत. म्हटलं, काय गं, अवघड होता? ती म्हणाली, "न्हाई म्याडम. सगळं आलं. लिवता लिवता सर डोळ्यापुढं आले, म्हनून."

निकाल लागला तेव्हा ती पास झाली होती, गणितात तर आमच्या कॉलेजात आजवर कुणाला पडले नव्हते इतके मार्क. सरांना ते लातूरला, लेकीच्या घरी, अंथरुणावर कळलं. फोनवर त्यांना नीट बोलता येत नव्हतं, खोकल्यानं दम लागायचा. पोरगी पुढं कुठं जातेय, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मी म्हटलं, बघतेय, चाललंय. पण काहीच चाललं नव्हतं. मंगलला दिवस गेले होते, आणि पाऊस ह्याही साली रुसला होता. दसऱ्याच्या आधी सर गेले. दसऱ्यानंतर मंगल पोटुशी असतानाच पुन्हा फडावर गेली. कुणाचा शब्द घ्यायला आता कुणी गेलं नाही. गेले असते ते उरले नव्हते.

पण सर म्हटलं की मला लातूरचं ते अंथरूण आठवत नाही. मला आठवतो तो सांगलीकडचा फड. शेवटचा पेपर झाल्यावर मंगलला घेऊन मीच गेले, सरांना परत आणायला. दुपार होती. एका अंगाला पाण्यानं भरलेला पाट वाहत होता, आमच्याकडच्या माणसाला बघवणार नाही इतकं पाणी. दुसऱ्या अंगाला उभा ऊस. तोडलेल्या पट्ट्यात एक म्हातारा वाकून कोयत्यानं उसाचे शेंडे छाटत होता. डोक्याला फडकं, अंगात सदरा फाटलेला, पँट मात्र राखाडी. मी ओळखलं ते पँटीवरून.

मंगल पळत गेली. सरांनी मान वर केली, पण लगेच सरळ उभं राहता येईना. तिनं धरून त्यांना बांधापर्यंत आणलं, बसवलं. मी जवळ गेले. चिडूनच म्हटलं, "चला आता. पुरे झालं." ते धापा टाकत होते. मंगलकडे बघून म्हणाले, "सगळे दिलेस?"

"व्हय सर. सगळे."

सरांनी मान हलवली. उजव्या हातात कोयता तसाच होता. मंगलनं तो घ्यायला हात पुढं केला. सरांनी द्यायचा प्रयत्न केला, पण बोटं उघडेनात. मुठीत धरून धरून ती आखडून गेली होती. त्यांनी डाव्या हातानं उजव्याची बोटं ओढून बघितली आणि ओशाळून माझ्याकडे पाहिलं. मग मंगल त्यांच्यापुढं उकिडवी बसली आणि एक एक बोट सोडवलं. अंगठा सगळ्यात शेवटी सुटला.

कोयता घेऊन ती उठली. पदर कमरेला खोचला. तिकडून सासूनं हाक मारली, "ये गं, बाळू एकलाच हाय मघापासनं." मंगलनं सरांच्या पायांना हात लावला आणि उसात शिरली.

मी पाण्याची बाटली सरांपुढं धरली, पण त्यांना ती धरता येईना, म्हणून मीच तोंडाला लावली. घोटभर प्याले. आत उसात एकाच कोयत्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं त्यात दुसऱ्याचा मिसळला. सरांनी तो ऐकला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.